मापाचीच तार

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजच्या निरोप समारंभाचे सत्कारमूर्ती विद्युत निरीक्षक श्री. सखाराम मुळ्येसाहेब आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

मंगल प्रसंगी भयाची भाषा करू नये, असा शिष्टाचार आहे. आज मला तो पाळता येणार नाही.

मी पूर्णगडच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. बर्फाचा कारखाना आम्ही देवळासारखा सांभाळतो. पंचाऐंशीच्या खंडेनवमीला स्विचबोर्डाची यथासांग पूजा मांडली होती. जमीन धुतलेली, बोर्डापुढची रबरी चटई भिजेल म्हणून उचललेली, धोक्याच्या पाटीवरील कवटीला झेंडूचा हार! सकाळपासून मोटारीचा फ्यूज जळत होता. सणाला यंत्र थांबू नये, म्हणून आमचा ऑपरेटर धाकू याने त्यात तांब्याची जाड तार पिळून बसवली. त्याची पत्नी मथुरा अनवाणी उभी, हाती अभिषेकाचा तांब्या.

तेवढ्यात साहेब तपासणीला आले. दारातूनच, आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तांब्या खाली ठेवा. पाऊल पुढे टाकू नका."

मथुरेला वाटले, साहेबांना सोवळ्याची शंका आली. "आंघोळ करूनच आल्ये मी," ती फणकारली.

साहेबांनी आधी बाहेरचा मेन स्विच पाडला, मग बोर्डाची लोखंडी पेटी उघडली. केबलचे आवरण वितळून तार पेटीला टेकली होती आणि अर्थिंग तुटलेले होते. जिच्यावर आम्ही पाणी घालणार होतो, त्या पेटीत वीज उतरली होती. चारशे व्होल्टच्या या पुरवठ्याला नियमांत 'मध्यम दाब' म्हणतात. नाव मध्यम, पण जीव घ्यायला तो पुरेसा आहे.

मोटार अडली की ती जास्त वीज ओढते. केबल तापण्याआधी फ्यूजने जळून जावे, म्हणून त्याची तार मोजूनमापून बारीक ठेवतात, असे साहेबांनी समजावले. मला होमकुंड आठवले. अग्नी देवच, पण शास्त्राने त्यालाही विटांची मर्यादा घातली आहे. ती मोडून हवन करणाऱ्याचे घर राहील काय?

दोन वर्षे साहेबांच्या धाकाने आम्ही नीट वागलो. धाक गेल्यावर? आज दुपारी, इकडे रत्नागिरीस निघताना, फ्यूज पुन्हा गेला. होड्या बंदराला लागलेल्या, मासळी बर्फासाठी खोळंबलेली. तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेला हा धाकू मला म्हणाला, "आण्णा, आजच्यापुरती जाड तार घालू काय? सायब तर चालले."

मथुरा जवळच होती. तिने फक्त कोपऱ्यातल्या चपला ओढून पायात घातल्या.

मी कारखान्याला कुलूप लावले. मागच्या रांगांत बसलेल्या होडीवाल्यांची कुजबुज मला ऐकू येते आहे. मासळी नासली तर त्यांचे शिव्याशाप मी घेईन. मथुरेला खांद्यावरून घरी नेण्याचे बळ माझ्या अंगी नाही.

साहेब, आपले ऋण शब्दांपलीकडचे आहे. संयोजकांनी बोलू दिले, आपण ऐकून घेतलेत, याबद्दल कृतज्ञ आहे. वृद्धाच्या बोलण्यात अधिकउणे झाले असल्यास उदार मनाने सोडून द्यावे. किल्ली माझ्या कनवटीला आहे. वायरमन मोटार उघडून दोष काढीपर्यंत ती कृपया कोणी मागू नये.