ऐकत नाही

— नाही नाही, हात आत घालू नका अजून. तुम्ही पिल्लू निवडायला आलात हे खरं, पण आधी मी तुम्हाला निवडणार. हसू नका, इथली पद्धतच आहे ती. बसा त्या स्टुलावर — त्याचा एक पाय आखूड आहे, सांभाळून — हां. पिल्लू कोणासाठी? आईसाठी? घरी एकट्याच असतात? मग सोबत होईल चांगली. घर रस्त्याला लागून आहे? फाटक नीट लागतं का? — बघा, वैतागलात. माझी नणंद म्हणते, वहिनी, कुत्र्याच्या गिऱ्हाइकाची करतेस त्याच्या निम्मी चौकशी आमच्या दादाची केली असतीस, तर सुटली असतीस. नाही केली. माणूस उंच दिसला, म्हटलं चला.

ही आई. बाईसाहेब म्हणतो आम्ही. उठायच्या नाहीत त्या तुमच्यासाठी, पण गुरगुरतही नाहीत, बघा. जो आई दाखवत नाही ना, त्याच्याकडून पिल्लू घेऊच नका — आईचा स्वभाव बघितला की पिल्लाचा निम्मा कळतो. आणि आठ आठवड्यांच्या आत कोणी देत असेल तर सरळ उठून या. ही ठिपक्यांची जात जन्मते पांढरीशुभ्र, ठिपके पंधरा दिवसांनी उमटतात, तोवर कोण कोणतं कळत नाही — म्हणून गळ्यात लोकर बांधते मी. लाल, पिवळी, हिरवी, निळा. ती तुमच्या पायाशी आली ना, ती हिरवी. सगळ्यांच्या आधी धावते, अंगावर चढते, आणि येणारा प्रत्येक माणूस गहिवरून म्हणतो, हिनंच आम्हाला निवडलं! कसलं निवडलं, आगाऊ आहे ती. विजेचं मीटर बघायला येतो त्यालाही निवडते दर महिन्याला. आता हे बघा, हे जुनं ताट. जरा दचकाल, हं — बघितलंत? लाल टेबलाखाली गेला, अजून बाहेर नाही. पिवळी पळाली, पण परत आली, ताटाचा वास घेतेय. ही खरी गुणाची. दचकावं आणि सावरावं, एवढंच बघायचं असतं. आणि निळा — निळा कुठंय? तुमच्या मांडीवर? कधी घेतलात? — झोपलाय. हो. दिसतंय. — शांत? शांत नका म्हणू हो त्याला. म्हणजे, म्हणा, पण — तुम्ही पिवळी बघा. पिवळीचे डोळे बघा कसे आहेत.

बरं, पत्ता कोणी दिला तुम्हाला माझा? — कोण? ग्रंथपाल? वाचनालयातले? किडकिडीत, चष्म्याला दोरी? — अच्छा. — नाही, काही नाही, ओळखते ना. काय म्हणाले माझ्याबद्दल? — चांगली बाई आहे म्हणाले. — आणि? — चूक माझीच होती, मला वळण लावता आलं नाही कुत्र्याला. असं म्हणाले? अजून असंच म्हणतात?

थांबा, पाणी पिते जरा.

तीन वर्षं झाली. बाईसाहेबांचं पहिलं वेत. त्यातल्या एकाच्या गळ्यात काळी लोकर होती. ताट पाडलं की बाकीची चारी दिशांना, आणि हा आपला माझ्या मांडीवर, डोळासुद्धा उघडायचा नाही. वहीत लिहिलंय मी, अजून आहे — स्वभाव शांत, दहापैकी दहा. दहा! पोटच्या लेकीला कधी सातच्या वर दिले नाहीत मी. ग्रंथपाल म्हणाले, आमच्या वाचनालयात शोभेल असा द्या. म्हटलं, हा घ्या, तुमच्यासाठीच जन्मलाय. दोन महिन्यांनी त्यांचा फोन — बाई, सोन्यासारखा आहे, फक्त ऐकत नाही. आणि मी काय सांगितलं? म्हटलं, लाडावून ठेवलाय तुम्ही, जरा आवाज चढवा. आवाज चढवा म्हटलं हो मी! जन्मभर लोकांना 'हळू बोला' सांगत आलेला माणूस, तो अंगणात उभा राहून ओरडायला लागला. शेजारी हसायचे म्हणे. फोनवर ऐकून मीसुद्धा हसले — आता कशाला खोटं बोलू, पोट धरून हसले. मग एक दिवस ते गाडी मागे घेत होते. स्वतःचीच गाडी, स्वतःच्याच दारात. मला म्हणाले, मी हॉर्न दिला होता हो, दोनदा दिला, पण त्यानं ऐकलंच नाही. ते म्हणत होते जुमानलं नाही, या अर्थानं. आणि मला तिथंच, फोन कानाला लावलेला असताना, लख्ख कळलं. एकच शब्द. त्यांना एक अर्थ माहीत, मला दुसरा. सांगायचा होता. तोंडात आला होता. आणि मी म्हटलं काय — वाईट झालं, पण पुढच्या वेळी लहानपणापासून शिस्त लावा.

नंतर बाईसाहेबांना नेलं डॉक्टरकडे. यंत्र लावून तपासतात कान. ह्यांचा एकच कान चालतो. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा वेत नको. कागद आहे, फाइलमध्ये, अगदी तळाशी. तुम्ही विचारलं असतंत तर दाखवला असता. — नसता दाखवला. प्रदर्शनात पहिल्या आलेल्या ना ह्या, म्हटलं एकदाच, म्हटलं सगळी थोडीच तशी निघतात. ह्या चौघांची वेळ घेतली होती मागच्या मंगळवारी. गेले नाही. घरी सांगितलं पाऊस आहे. पाऊस नव्हता. — कारण मला ठाऊक आहे ना. जेवणाची वाटी वाजवली की तिघं पळतात आणि हा त्यांना बघून पळतो. झोपेत असला की राहून जातो.

एक काम कराल? माझ्याच्यानं होत नाहीये. त्याच्या डोक्यामागे, वारा लागणार नाही एवढ्या लांबून, टाळी वाजवा. मी तिकडे तोंड करते. जोरात हं. वाजवा.

— हो, ऐकली मी. बाईसाहेबांनीसुद्धा मान वळवली. — आणि तो?

द्या. द्या इकडे. असा, मानेखाली हात घालून. — नाही, आज कुणालाच देणार नाही, पिवळीलाही नाही. आईंना सांगा, बाईंनी पिल्लांची तपासणीच केली नव्हती, म्हणून रिकाम्या हातानं आले. उद्या नेते चौघांना. मग फोन करीन, आधी ग्रंथपालांना, मग तुम्हाला. त्यांना तुम्ही काही बोलू नका, ते मलाच बोलू दे. या आता. फाटक गंजलंय, जोर लावून ओढा — नाही हो, होऊ दे आवाज. हा उठत नाही.