लाल म्हणजे भर

(शहादा तालुक्यातलं कळसाडी. घरामागच्या खळ्यावर मिरची वाळत घातलेली. पुण्याहून आलेली चेतना बाजेवर लॅपटॉप घेऊन बसली आहे, शेजारी वडील, दोधू. आई, रंजनाबाई, पडवीतल्या चुलीपाशी.)

दोधू: मंग तक्रार कोनाकडे जास?

चेतना: कसली तक्रार, आप्पा?

दोधू: अशीच इचारी ऱ्हायनू. समज, तुन्हा त्या मिरचीना अ‍ॅपमुळे एखादानं काही बिघडनं, तं त्यानी कोनले बोलानं?

चेतना: काय बनवायचं तेच चुकलं असेल तर ते ठरवणाऱ्याला. दिसायला चुकलं असेल तर चित्र काढणाऱ्याला. चालतच नसेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला.

दोधू: म्हंजे तीन जन.

चेतना: मोठ्या कंपनीत तीन. आमच्याकडे तिन्ही मीच.

दोधू: मंग एकीनी दुसरीवर ढकलानी सोयच नही.

चेतना: नाही ना.

दोधू: हाई वाईट शे. आम्हना भाऊबंदमा थोरला मधलावर ढकलस, मधला धाकलावर. समदा सुखी शेतस.

रंजनाबाई: चेतना, तुन्हा बापले इचार, गावमा तुन्हं काम काय सांगतस ते.

दोधू: खरं तेच सांगस. पोर पुनाले मोबाइलमा बटनं बसाडस.

रंजनाबाई: नि कमलबाई मले इचारस, पोर शिवनकाम कवय शिकनी?

चेतना: सांगा काहीही. आज संध्याकाळपर्यंत तेवढं काम हातात राहिलं म्हणजे झालं.

दोधू: का? आज काय शे?

चेतना: सरांना कळवायचंय, मिरचीची चाचणी कशी झाली ते. चांगली झाली तर हे सगळं माझ्याकडेच राहील. फसली तर ते तीन वेगळी माणसं घेणार. मग मी नुसती चित्रं काढायची.

दोधू: चित्र बी चांगलं ऱ्हास.

चेतना: आप्पा, मला तिन्ही आवडतं. माणसाला विचारायचं, त्याच्यासाठी काढायचं आणि आपल्याच हातानं चालतं करायचं. त्यातलं एकच हातात ठेवलं तर मला नाही करमणार.

दोधू: मंग लिखी टाक, चाचनी भलती चांगली झाई.

चेतना: तुम्ही तक्रारीचं का विचारलंत?

दोधू: धुडकू इचारी ऱ्हायंता.

चेतना: धुडकूकाकांना काडी दिलेलीच नाही. ओल मोजून फोनवर दाखवणारी काडी गावात एकच आहे, आणि ती तुमच्या ढिगात खोचलेली आहे.

दोधू: तुन्ही माय भाकर जाळी ऱ्हायनी वाटस.

रंजनाबाई: भाकर बराबर शे. सांगी टाका पोरले.

दोधू: काय सांगानं त्यामा? पोता भरात, नंदुरबारले लई गऊ. मोतीलालशेठनी पोतामा हात घाला नि बोलना, दोधूभाऊ, माल वल्ला शे, बुरशी लागीन. गाडी परत उनी.

चेतना: सगळी गाडी?

दोधू: अर्धी कसाले परत धाडीन तो?

चेतना: भरताना फोनवर काय दिसलं होतं?

दोधू: लाल. लालभडक. मंग भरी लिधं.

चेतना: आप्पा, लाल म्हणजे थांबा. अजून ओल आहे, थांबा. खाली लिहिलंय तसं.

दोधू: चष्मा घरमा व्हता. नि माय, तूच सांग, मिरची हिरवी शे तवलोंग आपन थांबतस. लाल झाई का तोडतस. लाल मिरची कोनले थांब सांगस का?

रंजनाबाई: ती सिग्नलवाला गावमा ऱ्हास आते.

चेतना: टोमणा नको मारू, आई. याच खळ्यावर बसून मी तुझ्यासोबत मिरच्या निवडल्या आहेत. आणि पुण्यात बसून ठरवलं, हिरवा म्हणजे ठीक. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला दिवसभर हसले असते.

दोधू: मंग हास. त्या बाकीन्या दोन्ही जनी बी हासू देत.

चेतना: मोतीलालशेठला काय सांगितलंत?

दोधू: सांगं, मन्ही चूक. वय झाई गये.

रंजनाबाई: पोरनं नाव निंघू दिधं नही. घर उनात तं मले बी दम भरा, चेतनाले बोलू नको.

चेतना: मी लिहिते आता सरांना. ‘लाल रंगामुळे शेतकऱ्याचा ओला माल भरला गेला, गाडी परत आली. चूक ठरवणारीची, चित्र काढणारीची आणि प्रोग्राम लिहिणारीची.’

दोधू: तिन्हीस्ना नाव कसाले? एकीनं लिख. दोन तं वाचतीन.

चेतना: पाठवलंसुद्धा.

दोधू: भलती घाई तुले.

चेतना: भीती वाटत होती, म्हणून घाई. आता मला सांगा, थांबायचं असेल तर फोनवर काय दिसायला हवं?

दोधू: खळावर पसरेल मिरची.

चेतना: आणि भरायचं असेल तर?

दोधू: पोतं. तोंड शिवेल.

रंजनाबाई: नि अक्षरं मोठा काढ. यास्ना चष्मा कपायवर ऱ्हास नि शोध घरभर.

चेतना: बघा, असं?

दोधू: हाई घागर का काढी?

चेतना: पोतं आहे ते.

दोधू: तुम्हना तिघीस्मा चित्र काढनारी जरा कच्ची शे.

चेतना: आता?

दोधू: आते पोतं दिखस. मोतीलालशेठनं पोट बी इतलंच शे.

रंजनाबाई: चहा ल्या. नि तो फोन दख, कवयना वाजी ऱ्हायना.

चेतना: सरांचा मेसेज आहे. म्हणतात, ‘ठरवणं, चित्र, प्रोग्राम, तिन्ही बाजूंनी बसून बघ आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील ते सांग.’

दोधू: मंग बस ना. बाज मोठी शे, तिघी मावशात.

चेतना: बसून झालं. तुमचा फोन उघडा, नवीन चित्र आलं असेल.

रंजनाबाई: चहा थंडा होवाना पहिले?

चेतना: सरांना तेच कळवते.

दोधू: काय बोलनात?

चेतना: थांबा की जरा, लिहितायत.

दोधू: लाल दिखस का हिरवं?

चेतना: आप्पा.

दोधू: बरं, बरं.

चेतना: ‘नवी माणसं नकोत. तुझं काम तुझ्याकडेच राहू दे. आणि वडिलांना नमस्कार सांग.’

रंजनाबाई: यास्ले नमस्कार? गाडी परत यास्नी आनी, नि नमस्कार बी यास्लेच.

चेतना: उठा आप्पा, काडी खोचून बघू. काय दिसतं?

दोधू: पसरेल मिरची. म्हंजे थांब.

चेतना: आता हात घाला ढिगात. हात काय सांगतो?

दोधू: वल्ली शे.

चेतना: आणि त्या दिवशी भरताना काय सांगत होता?

दोधू: जाऊ दे ना आते.

चेतना: सांगा.

दोधू: वल्लीच सांगे.

रंजनाबाई: मी बी सांगं व्हतं. आयकं नही.

चेतना: म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मग भरली कशाला, आप्पा?

दोधू: फोन सांगे, भर. तुन्हा फोन. हात बी मन्हा शे, नि पोर बी मन्ही. कोनले खोटं पाडू?

चेतना: मले पाडत जा, आप्पा.