पाण्यातला ण

हां, ऐकलं मी – पानी. तीन दिवस ऐकतोय. पानी, लोनी, कोन आला. मॅडम, तुम्ही राहता कुठं? कोथरूड. बरं. आणि मालिकावाल्यांनी तुम्हाला लालबागला धाडलंय, माझ्याच खोलीत बसून मला गिरणगावची भाषा शिकवायला. मला. रघुवीर पाष्टेला – बाप बत्तीस वर्षं गिरणीत साच्यावर कापड विणायला, आई जाईबाई संगमेश्वरकडची, आणि मी ह्याच पंख्याखाली जन्मलो. नाही, पंखा नंतरचा. ते सोडा.

राग तुमच्यावर नाही. – आहे, तुमच्यावर पण आहे. बेचाळीस वर्षं मी हवालदार, शिपाई, मुलीचा बाप, पंचनाम्यावर सही करणारा शेजारी. तीन वाक्यांच्या वर कधी गेलो नाही. आता पहिल्यांदा आख्खा रोल आलाय, गिरणी कामगाराचा, आणि म्हणे उद्या ऐकून ठरवणार, जीभ वळली नाही तर दुसरा घेणार. अहो, माझी जीभ अशीच होती. पानीच म्हणायची. ती वळवली कोणी? ह्याच लोकांनी. कामगारांच्या नाट्यस्पर्धेतनं उचलून दादरला धंदेवाईक नाटकात घेतला, तेव्हा दिग्दर्शक म्हणाले, रघू, ण नाही तर नाटक नाही. रोज शंभर वेळा, गॅलरीत उभा राहून – कोणी पाणी आणणार, कोणी पाणी आणणार. चाळ हसायची. आणि पहिल्या प्रयोगाला माझं एकच वाक्य, साहेब, तुमचं मन मोठं आहे. काय म्हणालो असेन? तुमचं मण मोठं आहे. ण इतका घोटलेला, नको तिथं घुसला. तिसऱ्या रांगेतनं एकजण विचारतो, किती मण? आख्खं थिएटर हसत सुटलं.

हसा, हसा. मीही हसतो आता. तेव्हा नाही हसलो. दुसऱ्या दिवशी नाटकातली दोघं घरी आली, आणि आई तांब्या घेऊन पुढं – घ्या बाबा, पानी घ्या. मी तिच्यावर असा ओरडलो... पाणी म्हण, नाहीतर लोकांसमोर तोंड उघडू नकोस. बास. नाही उघडलं. त्यानंतर कोणी आलं की ती नुसता अंगठा तोंडाशी न्यायची, पाहिजे का म्हणून. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी परळला हॉस्पिटलात होती, तिथं पण मी समोर गेलो की तोच अंगठा. मला वाटलं, वाचा गेली. डॉक्टरशी भांडलो त्यावरून. तर नर्स म्हणते, कोण म्हणतं? आजी दिवसभर बोलतात की. तुम्ही आलात की गप्प होतात.

हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? लिहू नका ते. पेन ठेवा खाली. तेव्हा ण नाही म्हणून हाकलत होते, आता ण आहे म्हणून हाकलतायत, आणि मधल्यामधे माझी आई... काय? काय ते? खूण कसली करताय? अंगठा खाली घ्या. खाली घ्या म्हणतो ना. माठ तिथंच आहे, पण तोंडाने मागा. पाणी म्हणा, पानी म्हणा, मी काही बोलणार नाही.

...प्या. आणि निघा. त्यांना सांगा, उद्या मी येत नाही, दुसरा बघा. पेला राहू दे तिथंच, मी विसळीन.