सहीच्या जागी अंगठा

जुन्या विवाहनोंदींच्या खिडकीवर माझ्यापुढे मायलेकी होत्या. कारकुनाने रजिस्टर उघडून त्यांच्याकडे सरकवलं.

"आई, आजीच्या लग्नाची नोंद सापडली बघ."

"सापडली ना? मग चल आता."

"थांब गं, तारीख लिहून घेते. पण सहीच्या जागी अंगठा कसा? आजी तर शाळेत शिकवायची."

"हळू बोल. मामाच्या कानावर गेलं तर घर डोक्यावर घेईल."

"काय गेलं तर?"

"नाही म्हणणारीकडून सही करवून घेता येत नाही. अंगठा हात धरून टेकवता येतो."

"कोणी धरला हात?"

"साक्षीदाराचं नाव वाच."

"हे तर आजीचे वडील."

"बाई, नक्कल हवी असेल तर इथे सही करा," कारकून म्हणाला.

"तू कर गं. पूर्ण नाव लिही, ठळक अक्षरात."