हात दिसला का ब्रेक

आमगावजवळच्या खेड्यातला मी, तिथंच जनमलो, तिथंच आहो. बाप दुसऱ्याच्या बांधीत धान लावे, मलेही त्यानं रोवन्यातच उभं केलं होतं, पन माझं ध्यान बांधीत कमी अन् राइस मिलच्या टॅक्टरवर जास्ती, त्या टॅक्टरवरच हात बसला माझा. मंग जीप आली, सवारीची. आमगाव-देवरी, देवरी-आमगाव, दिवसातून चार फेऱ्या, सारी उमर त्यातच गेली. आमच्या धंद्याचा एकच कायदा, हात दिसला का ब्रेक. म्हातारी बांधावरून हात करते, ती सडकेवर येईपर्यंत थांबाचं. अन् गाडी भरली असली त डायवर खिडकीतून उलटा हात हालवते, असा, म्हंजे जागा नाई, मांगून दुसरी येऊन राहिली. तोंड उघडाची गरजच नाई.

मले एकच पोरगी, वैशाली. तिनं नर्सिंग केलं अन् सरकारी भरतीची परीक्षा आली, सेंटर नागपूरले. कितीक वर्सांनी भरती निघाली होती, दुसरी कवा निघन कोनाले मालूम. ती म्हने बाबा, मी मैत्रिनीसंग रेल्वेनं जातो, एक दिवस आधी, तिच्या मावशीकडं राहतो. मी म्हनलो काऊन, डायवरची पोरगी अन् घरी गाडी उभी असून दुसऱ्याच्या भरोशावर जाईन का. तिची माय म्हने, जाऊ द्या ना तिले, तुमाले नागपूर माहीत तरी आहे का. आता नागपूर म्या पाहिलं होतं, नाई असं नाई, पन रेल्वेनं, दवाखान्यापुरतं. पन मी आयकतो का कोनाचं, असंच आहे माझं डोकं.

परीक्षा दोन वाजताची, गेट दीडले बंद. सकाळी सहाले निघालो, साडेनऊले नागपूरच्या तोंडाशी. म्हनलं झालं, चार घंटे हातात आहेत. अन् काय सांगू तुमाले भाऊ, आमगाव ते नागपूर साडेतीन घंट्यात झालं अन् नागपूर ते नागपूर काही संपेना. पुलाखालून जाचं त मी पुलावर, पुलावरून उतरलो त भलतीकडंच, मंग वापस, त वापस जाची सडकच नाई, एकाच बाजूनं जाची म्हनतेत. मोबाइलमधली बाई सांगे, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा, आता दोनशे मीटर मी कायनं मोजू, आमच्याकडं सांगतेत मोहाच्या झाडापासून वळ. त्या बाईनं एकही झाड सांगितलं नाई. त्यात सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाले.

वरून माझा हा पाय. एक बाई ऑटोले हात करून राहिली, माझा पाय गेला ब्रेकवर, मांगून हे हॉर्न. पुढं एक कॉलेजवाला आपल्या दोस्ताले हात करे, मी थांबलो, विचारलंही, कुठं जाचं. वैशाली पैले हासली, मंग तिच्या डोळ्यात पानीच आलं. म्हने बाबा, साडेबारा झाले, आता तुले माझी शपथ, कोनीही हात केला त थांबू नको. म्हनलो नाई थांबत बाई. पोरीची शपथ म्हंजे शपथ.

पुढच्याच चौकात हात झाला, चांगला उंच. मी धड पाहिलंच नाई, एक्सिलेटर दाबून धरला अन् खिडकीतून हात काढून हालवला, जागा नाई, मांगून दुसरी येऊन राहिली. वैशाली म्हने, बाबा, पोलिस होता तो.

त्यानं फोन केला असन, पुढच्या चौकात दोघांनी आडवं होऊन गाडी बाजूले घेतली. मंग तोही आला मोटरसायकलवर, घामाघूम. म्हने, काय काका, मी तुमाले सवारी दिसलो का, काढा लायसन. एक वाजून गेला होता. मी लायसन काढाले गेलो त सारे कागद खाली. वैशाली हॉलतिकीट छातीशी धरून उभी. तिनं मले दोन बोल लावले असते त बरं झालं असतं. तवा मले समजलं, आपनच हिची परीक्षा बुडवून राहिलो, मायेनं बुडवून राहिलो. मी म्हनलो साहेब, गाडी ठेवा, मले ठेवा, पोरीले जाऊ द्या. अन् तिले म्हनलो, जा बाई, तू एकटी जा. हे एकटी जा म्हनाले मले किती जड गेलं ते माझं मले माहीत. पोलिसानं हॉलतिकीट पाहिलं, शिटी मारून ऑटो थांबवला, म्हने गल्लीगल्लीनं ने हिले, लवकर. ती बसली, मांगं पाहिलं नाई. कायले पाहीन.

पोलिसानं चलान केलं, कराचंच होतं. मंग विचारलं, तो हात कायचा होता हो काका. मी सांगितलं. तो इतका हासला का त्याले शिटी मारता येईना.

मी निघालो सेंटर शोधाले, अन् पेपर सुटेपर्यंत शोधतच राहिलो. फोन तिचाच आला. बाबा, शेवटून तिसरी आत गेलो, पेपर चांगला झाला, तू कुठं आहेस. आता मी कुठं आहो हे मले माहीत असतं त काय पाहिजे होतं. समोर गादी कारखान्याचा बोर्ड होता, तो वाचून दाखवला. म्हने तिथंच थांब, हालू नको, मी येतो. दहा-पंधरा मिनिटात आली, पायी. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो भाऊ, त्यात लाज कायची. अन् ती विचारते, बाबा, डबा खाल्ला का.

नोकरीले लागली ती. आता नागपूरलेच दवाखान्यात आहे, खोली करून राहते. मी जातो महिन्यातून एकदा, रेल्वेनं, जीप घरी ठेवून. ती स्टेशनवर स्कूटी घेऊन येते, मी मांगं बसतो, मांडीवर तांदळाची थैली. चौकाचौकातून अशी गाडी काढते का पैले मी डोळे मिटून घेत होतो, आता नाई मिटत. एक दिवस म्हनलो बाई, तवा तुले माझा राग आला असन. म्हने आला ना, खूप आला. पन तू जा म्हनलास ना. इतकंच बोलली, सिग्नल सुटला होता. देव तिले असंच चालवत ठेवो, मी मांगं बसाले तयार आहो.