पडद्यावरची हाक

दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. काउंटरवर हेडसेट मांडलेले.

"काका, बोलून लिहायचंय ना? मग हा घ्या. याचा माईक ओठांपाशी येतो, आजूबाजूचं काही टिपत नाही."

"हाच द्या हो. हे गुरांचे डॉक्टर होते, आता कॉम्प्युटरला पुस्तक सांगतायत. मी स्वयंपाकघरातून बोलले की मेला तेही लिहून मोकळा!"

"म्हणजे कसं, काकू?"

"'गाईचं खूर आधी कोमट पाण्याने धुवावं, अहो चहा गार होतोय, मग मलम लावावं.'"

"आणि माझ्याकडून तसंच प्रकाशकाकडे गेलं."

"मग काका, काकू म्हणतात तोच घ्या."

"नको. टेबलावर ठेवायचा माईक दाखवा. सगळ्या घराचं ऐकणारा."

"अहो, हा काय हट्ट! पुन्हा माझी बडबड येईल त्यात."

"येऊ दे."

"पण का?"

"मला हल्ली लांबचं ऐकू येत नाही."

"काहीतरीच! त्या दिवशी मी बाथरूममध्ये पडले, तेव्हा एका हाकेत धावत आलात की."

"किती हाका मारल्यास, मला ठाऊक नाही. मी आपला कॉम्प्युटरला जंतांवरचा भाग सांगत होतो. पडद्यावर मधेच उमटलं, 'अहो या ना, पडलेय मी.'"

"मला तर म्हणालात, ऐकू आलं."

"वाचलं गं."

काकूंनी हेडसेट बाजूला सारला.

"टेबलावरचाच द्या. पुस्तकातलं 'अहो' मागाहून खोडता येतं."