कार्ड हो म्हणतंय

वर्लिन : ...सात पाठवले आणि कॉम्प्युटरमधल्या स्कोअरबोर्डच्या कार्डानं सात परत दिले. म्हणजे माझा प्रोग्राम ठीक, कार्ड ठीक. उरल्या तुझ्या तारा, क्लेटन.

क्लेटन : तारा तीनदा तपासल्या, दाजी.

वर्लिन : मग चौथ्यांदा तपास. संध्याकाळी डोरीनच्या या रिंकवर आइस हॉकीची मॅच आहे आणि स्कोअरबोर्ड काळाठिक्कर.

क्लेटन : डोरीनबाईंना काय सांगितलंत तुम्ही?

वर्लिन : दिसतंय तेच. वायरिंग कच्चं आहे.

क्लेटन : म्हणून त्यांनी बेमिजीहून दुसरा इलेक्ट्रिशियन बोलावलाय. गावात हे पसरलं की माझ्याकडून कुणी बल्बसुद्धा बदलून घेणार नाही.

वर्लिन : वाईट वाटतं रे, मेहुणा आहेस. पण यंत्र खोटं बोलत नाही. हे बघ, मशीन चालू करून पुन्हा विचारतो. नऊ पाठवले... नऊ आले. किती गुणी कार्ड आहे.

क्लेटन : ते माझ्या हातात आहे.

वर्लिन : काय?

क्लेटन : कार्ड. तुम्ही कॉफी आणायला गेलात तेव्हा मशीन बंद करून काढलं. टोकं पुसत होतो.

(वर्लिन वाकून मशीनमधली कार्डाची रिकामी खाच बघतो.)

वर्लिन : मग मला नऊ कुणी दिले?

क्लेटन : ते तुम्हीच सांगा. कॉलेज तुम्ही केलंय.

वर्लिन : मीच दिले. जुन्या प्रोग्रामात कार्डाचा मेमरीतला पत्ता लिहिला की थेट त्याच्या दारात. यंदा मी हौसेनं तो प्रोटेक्टेड मोडमध्ये नेला. तिथं प्रत्येक प्रोग्रामाला आपलं कुंपण. तोच पत्ता आता माझ्याच आवारातला. तिथं मी लिहीत होतो, मीच वाचत होतो आणि शाबासकी कार्डाला देत होतो.

क्लेटन : कुंपणाबाहेर जाता येत नाही?

वर्लिन : येतं. सिस्टिमला अर्ज करायचा, की अमुक पत्त्यावर मला वाट काढून द्या. पुस्तकात दिलंय. मी म्हटलं, पत्ता पाठ आहे, विचारायचं कशाला.

क्लेटन : करा आता अर्ज. मी कार्ड बसवतो.

वर्लिन : ...झालं. बोर्डाकडे बघ. नऊ पाठवलेत.

क्लेटन : नऊ लागलाय.

डोरीन (आत येत) : अरे वा, लागला की बोर्ड. काय होतं?

वर्लिन : त्याचं असं आहे, डोरीन, संरक्षित अवस्थेत भौतिक पत्ता आणि प्रोग्रामाला दिसणारा पत्ता यांच्यात...

डोरीन : तारा होत्या का?

वर्लिन : तारा नव्हत्या.

डोरीन : कार्ड?

वर्लिन : बिचाऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी होतो. तारा पहिल्यापासून बरोबर होत्या. बेमिजीवाल्याला येऊ नको म्हणून कळव. आणि ज्यांना ज्यांना वायरिंगचं बोललीस, त्यांना माझं नाव सांग.

डोरीन : सांगते. आणि दुसरा प्रोग्रामवाला कुणी आहे का गावात?

क्लेटन : असू द्या हो, डोरीनबाई. मला अजून बोर्डाचं झाकण लावायचंय. शिडी धरायला हे बरे आहेत.